प्रवाळ असावे विरजणासारखे



गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मंडळातल्या काही घरांच्या बेसमेंटमध्ये निळसर प्रकाश दिसू लागला आहे. पूर्वी तिथे कॅरमबोर्ड आणि इंडियाहून आणलेल्या, अजून न उघडलेल्या बॅगा असत. आता काचेची टाकी, खारे पाणी, आणि त्यात बोटभर उंचीची रंगीत प्रवाळे असतात. मुले मत्स्यालय बघून येतात, शाळेत समुद्रावर प्रोजेक्ट करतात, आणि मग घरात लकडा लावतात. आईवडील विचारतात, "किती मोठी टाकी घ्यावी? कुठून घ्यावी? हे आपल्याला झेपेल का?" पॉटलकमध्ये यावर इतकी चर्चा होते की गुलाबजाम गार होतात. म्हणून माझे मत एकदा लिहूनच टाकते.

मत असे आहे : घरात प्रवाळ ठेवायचेच असेल तर दिवाणखान्याची शोभा म्हणून मोठी टाकी आणू नका. लहान, उथळ अशी कलमांची टाकी करा. तिच्यात फक्त कुणाच्या तरी टाकीत वाढलेल्या प्रवाळाचे तुकडे लावा, समुद्रातून उचललेले एकही नको. आणि जेवढे घ्याल त्यापेक्षा जास्त वाटा. हे तिन्ही जमत नसेल तर गोड्या पाण्यातले गप्पी मासे पाळा, तेही गोजिरवाणे असतात.

आधी एक गैरसमज दूर करू. प्रवाळ म्हटले की आपल्याला मंगळासाठी अंगठीत घालतात ते पोवळे आठवते. ते लाल पोवळे वेगळे. मुख्यतः भूमध्य समुद्रात, अंधुक उजेडाच्या जागी ते अगदी सावकाश वाढते, आणि आपण बोटात घालतो तो त्याचा सांगाडा असतो. घरच्या टाकीत वाढतात ती उष्ण प्रदेशातल्या उथळ समुद्राची प्रवाळे. दिसायला झाड, राहायला दगड, पण आहे तो प्राणी. एकेका फांदीवर शेकडो बारीक तोंडे असतात, प्रत्येकाभोवती हातांची झालर. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. कठीण जातीची प्रवाळे पाण्यातले कॅल्शियम घेऊन चुनखडीचा सांगाडा बांधतात. मऊ जातींना असा अखंड सांगाडा नसतो.

आता गंमत अशी की या प्राण्याला छाट कलम चालते. आपण गुलाबाची फांदी छाटून कुंडीत खोचतो तसेच. वादळात समुद्रात फांद्या मोडतात, खाली पडतात, आणि जागा चांगली मिळाली तर तिथेच मूळ धरल्यासारख्या वाढू लागतात. तुकड्यातून वाढलेले प्रवाळ हे नवे अपत्य नव्हे, तोच जीव पुढे चालू राहिलेला असतो. म्हणून मला कलमापेक्षाही विरजणाची उपमा जास्त पटते. इथे नवीन आलेल्या बाईला पहिले विरजण कुणीतरी देते. पुढे तिचे दही बिघडले की ती ज्यांना स्वतः विरजण दिले त्यांच्याकडून परत आणते. कोणाचे दही मूळचे कोणाकडचे, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. वाटलेले असते म्हणूनच ते टिकते. टाकीतल्या प्रवाळाचे नेमके असेच आहे.

समुद्रातून उचललेले का नको, याची कारणे भावनेची नाहीत. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइटिस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो, म्हणजे निर्यातीला परवाना लागतो. इतकी काळजी घ्यायचे कारण उघड आहे. २०१८ साली इंडोनेशियाने प्रवाळांची निर्यात थांबवली, आणि २०२० मध्ये ती पुन्हा सुरू झाली ती शेतीत वाढवलेल्या प्रवाळांपासून. दुसरीकडे समुद्र तापतो आहे. पाणी नेहमीपेक्षा अंशभर जास्त आणि बरेच आठवडे गरम राहिले की प्रवाळाच्या अंगातले शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरेफटक पडते आणि उपाशी राहते. अशा जगभरच्या लाटा १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ मध्ये आल्या. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या सरकारी संस्थेने चौथी लाट जाहीर केली. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडा कीजच्या समुद्राचे पाणी एवढे तापले की तिथल्या संस्थांनी समुद्रातल्या रोपवाटिकांमधून प्रवाळे उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणून ठेवली. जिथे अशी धावपळ चालली आहे, तिथून आपल्या बेसमेंटच्या शोभेसाठी आणखी एक फांदी तोडायची, हे मला पटत नाही.

आपल्याकडचेही सांगते. मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळे आहेत. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर समुद्रात कान्होजी आंग्र्यांचे नाव मिळालेला आंग्रिया बँक हा प्रवाळांचा मोठा उंचवटा आहे. भारतात २००१ पासून सर्व कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे वाघाइतकेच कडक संरक्षण आहे. तेव्हा सुट्टीत कोकणात किंवा लक्षद्वीपला गेलात आणि वाळूत पांढरा सुंदर तुकडा दिसला, तरी तो बॅगेत घालू नका. मेलेला असला तरी नाही. कस्टमच्या रांगेत मुलांदेखत शोभा होण्याइतका तो तुकडा मोलाचा नाही.

आता प्रत्यक्ष टाकीकडे वळू. आपण शिकागोच्या सबर्बमध्ये, समुद्रापासून शेकडो मैल आत राहतो, म्हणून बिचकू नका. नव्वदच्या दशकात लोकांना घरच्या घरी कलमे करायला शिकवणारी एक संस्था, जिओथर्मल अ‍ॅक्वाकल्चर रिसर्च फाउंडेशन, ही चक्क आयडाहोतल्या बॉइझीची होती. तिथे बटाटे पिकतात, समुद्र नाही.

टाकी वीस गॅलनची, लांब आणि बुटकी घ्यावी : ३० इंच लांब, १२ रुंद, १२ उंच. उथळ टाकीत उजेड तळापर्यंत सारखा पोचतो आणि हात न भिजवता नव्हे, पण निदान कोपरापर्यंतच भिजवून काम होते. पाणी, दगड धरून तिचे वजन २०० पौंडांच्या आसपास जाते, म्हणून ती साध्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवू नका. आत सुके, कोरडे विकले जाणारे दगड घालावेत. समुद्रातून काढलेले 'जिवंत' दगड घेऊन वर कलमांचा आग्रह धरणे म्हणजे उपवासाला साबुदाण्याबरोबर मासळी. मध्यावर ऑफिसच्या छतातल्या दिव्याला असते तशी पांढऱ्या प्लास्टिकची चौकटीची जाळी कापून मांडावी. कलमांच्या छोट्या बैठका तिच्या भोकांत नीट बसतात.

पाणी नळाचे चालत नाही. त्यात क्लोरीन किंवा क्लोरामीन असते, जुन्या नळांमुळे तांबेही असू शकते, आणि तांबे प्रवाळाला घातक. आरओ-डीआय गाळणीचे पाणी घ्यावे आणि त्यात मत्स्यालयासाठीचे मीठ गॅलनला साधारण अर्धा कप विरघळवावे. स्वयंपाकाचे मीठ नाही, सैंधवही नाही. खारटपणा मापाच्या यंत्रावर हजाराला ३५ आला पाहिजे. तापमान ७७ ते ७९ फॅरनहाइट. मग टाकी रिकामी चालू ठेवून चार ते सहा आठवडे थांबावे. या काळात दगडांवर असे जंतू वाढतात की जे विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय एकही कलम घालू नये. सगळ्यात जास्त घरे इथेच घसरतात. मुलाचा वाढदिवस शनिवारी असतो आणि जंतूंना ते माहीत नसते.

दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. आमटी जास्त वेळ गॅसवर राहिली की खारट होते तेच. म्हणून रोज कमी झालेले पाणी भरताना साधे गाळलेले पाणीच घालायचे, खारे नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलताना मात्र खारे. कठीण प्रवाळे ठेवणार असाल तर अल्कलिनिटी ८ ते ९ अंश, कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० भागांच्या आसपास ठेवावे. पण हे आकडे गाठण्यापेक्षा ते हलू न देणे महत्त्वाचे. हिवाळ्यात आपण ओव्हनचा दिवा लावून आत दही लावतो, ते कशासाठी? ऊब एकसारखी राहावी म्हणून. प्रवाळालाही नेमके तेवढेच हवे असते. रोज पाच बदल करणारा हौशी माणूस हा टाकीचा पहिला शत्रू.

विजेचे सामान खाऱ्या पाण्याजवळ असते, म्हणून जीएफसीआय सॉकेटच वापरावे आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये उतरत नाही. आपल्याकडे बर्फाच्या वादळात वीज जाते, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असू द्यावा. दिवा, पंप, हीटर, गाळणी, तपासणीच्या बाटल्या असे सगळे धरून पाचशे डॉलरच्या खाली नीट भागत नाही. हे आधी सांगितलेले बरे.

पहिली कलमे सोशिक जातींची घ्यावीत : मश्रूम, लेदर, केनिया ट्री, हिरवा स्टार पॉलिप. सहा महिने ती नीट वाढली तर हॅमर, डंकन यांच्याकडे वळावे. अ‍ॅक्रोपोरासारख्या नाजूक फांद्यांचा मोह वर्षभर तरी टाळावा. हिरवा स्टार पॉलिप मात्र वेगळ्या दगडावर ठेवा, तो वडाच्या पारंब्यांसारखा पसरतो. कोणाकडूनही कलम आले तरी आधी औषधी पाण्यात बुडवून, किडे झाडून, शक्य तर वेगळ्या भांड्यात काही आठवडे ठेवून मगच टाकीत घ्यावे. मैत्रिणीकडचे म्हणून स्वच्छच असेल असे धरू नये.

कलम करणे अवघड नाही. फांदीच्या जातींना हाडे कापायची कात्री, मऊ जातींना धारदार ब्लेड. तुकडा घट्ट सुपरग्लूने छोट्या बैठकीवर चिकटवायचा. मात्र एक इशारा मोठ्या अक्षरांत लिहावा असा आहे. बटणासारख्या झोअँथस आणि पॅलिथोआ जातींपैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे जबर विष असते आणि त्यावर उतारा नाही. त्या कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. तसले दगड उकळत्या पाण्यात घालू नका, ब्रशने घासू नका. उडालेल्या तुषारांनी आणि वाफेनेही घरेच्या घरे आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. घरात लहान मुले असतील तर या जाती आणूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आक्षेप. आपल्यातल्या काही ज्येष्ठांनी विचारले, "प्राणी म्हणता आणि कात्रीने कापता, ही हिंसा नव्हे का?" प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेऊ नये. प्रवाळाला मेंदू नाही, मज्जातंतूंचे साधे जाळे आहे. तुटून वाढणे ही त्याची स्वतःची रीत आहे. पण म्हणून जबाबदारी संपत नाही. माझ्या मते हिंसा कात्रीत नसून हलगर्जीपणात आहे. हौसेने आणायचे, महिनाभर मिरवायचे आणि मग पाण्याकडे बघायचे नाही, ही खरी हिंसा. रोज दहा मिनिटे देता येत नसतील त्यांनी हा नाद करू नये.

दुसरा आक्षेप उलट्या टोकाचा. काही उत्साही मंडळी म्हणतात, "आम्ही घरी प्रवाळ वाढवून समुद्र वाचवतो आहोत." तसे नाही हो. आपल्या टाकीतले प्रवाळ समुद्रात नेऊन सोडता येत नाही आणि सोडूही नये. त्याच्याबरोबर रोग जातात, परक्या जाती जातात. लायनफिश हा मूळचा हिंद आणि प्रशांत महासागरातला मासा १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ आढळला. तो बहुधा कुणाच्या तरी मत्स्यालयातून सुटलेला. आज तो कॅरिबियन समुद्रभर स्थानिक मासे फस्त करतो आहे. घरची टाकी समुद्राला वाचवत नाही. ती फक्त समुद्राकडून काही मागत नाही. तेवढेही थोडे नव्हे.

पण घरचे ज्ञान कधी कुठे उपयोगी पडेल हे सांगता येत नाही. फ्लोरिडा कीजमधले केन नेडिमायर मत्स्यालयांसाठी समुद्रात दगड 'पिकवण्याचा' परवानाधारक व्यवसाय करत. त्या दगडांवर स्टॅगहॉर्न प्रवाळाची पिल्ले आपोआप येऊन बसली. मुलीच्या ४-एच प्रकल्पाच्या निमित्ताने बापलेकीने त्यांची कलमे वाढवली, आणि त्यातूनच पुढे २००७ मध्ये कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन उभे राहिले. तिथलेच डेव्हिड व्हॉन हे मोट प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. २००६ च्या सुमारास टाकीतले एक एल्कहॉर्न प्रवाळ हलवताना ते मोडले आणि मागे चारदोन तोंडांचे चूर राहिले. ते मरेल असे वाटले होते, पण ते अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने वाढले. अगदी बारीक तुकडे करून प्रवाळ भराभर वाढवायची पद्धत त्यातून पुढे आली. आपली मुले सायन्स फेअरसाठी दरवर्षी तोच ज्वालामुखी बनवतात. त्यापेक्षा एकाच प्रवाळाची दहा कलमे दोन उजेडांत ठेवून सहा महिने मोजणे, हा प्रकल्प कितीतरी अस्सल. शिवाय वाट बघायला शिकवणारी दुसरी वस्तू मुलांच्या हातात सध्या नाही.

आता आपल्या लोकांची खास अडचण : इंडियाची ट्रिप. चार आठवडे घर बंद. झाडांना पाणी घालायला शेजारीण येते, पण खारटपणा तिला कुठे मोजायला लावणार? इथेच विरजणाचा नियम कामाला येतो. प्रत्येक जातीचे एक तरी कलम दुसऱ्या घरी ठेव म्हणून दिलेले असावे. तुमची टाकी बसली, तर तिकडून तुकडा परत येतो. दोघे एकमेकांच्या टाक्या ओळखत असले की ट्रिपच्या काळात पाणी भरायला येणारा माणूसही आपोआप मिळतो. एकट्याने केलेली टाकी एका वीजकपातीत संपते. चार घरांत वाटलेली टाकी सहसा संपत नाही.

म्हणूनच या छंदात शिरलेला बाजार मला खटकतो. रंग जरा वेगळा दिसला की त्याला भरजरी नाव द्यायचे आणि इंचभर तुकड्याला शेकडो डॉलर सांगायचे. कष्टाचे पैसे जरूर घ्यावेत, वीज आणि मीठ फुकट येत नाही. साध्या कलमाचे दहा-पंधरा डॉलर कोणी घेतले तर त्यात गैर नाही. पण जो जीव आपल्याला कुणीतरी सहज दिला, त्याची लिलावाने विक्री करणे मला विरजणाचे पैसे घेण्यासारखे वाटते. आपल्या मंडळात तरी असे होऊ नये.

शेवटी एक सूचना. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात पुस्तकांच्या देवघेवीशेजारी एक टेबल कलमांसाठी मिळावे, अशी कार्यकारिणीला विनंती आहे. तोपर्यंत थंडी ओसरलेली असते, त्यामुळे झाकणाच्या डब्यात पाणी घालून, कूलरमध्ये ठेवून कलमे सुखरूप आणता येतील. नियम तीन असावेत : कलम घरीच वाढलेले असावे, किमान दोन महिने बैठकीवर रुजलेले असावे, आणि नेणाऱ्याची टाकी तयार असावी. चिठ्ठीवर जातीचे नाव आणि ते कोणाकडून आले एवढे लिहिले की पुरे. ज्यांची टाकी अजून नाही त्यांनी नुसते बघायला यावे, मुलांना आणावे आणि प्रश्न विचारावेत.

माझे मत सगळ्यांना पटेल असे नाही. मोठ्या टाकीवाल्यांनी राग मानू नये. त्यांच्याकडेच कलमे करण्याजोगी भरपूर प्रवाळे आहेत, म्हणून पहिले देणारेही तेच व्हावेत. उलट मत असेल त्यांनी पुढच्या अंकासाठी संपादकांकडे जरूर लिहून पाठवावे.

कळावे, लोभ असावा.

— एक सभासद